तोलारखिंड चढू शकेल असा त्रिपॉड: एका निवडीचं प्रकरण

एप्रिलच्या अमावस्येला लागून आलेल्या रविवारी दुपारी भाचा नारायणगावला माझ्या स्टुडिओत आला, तो थेट हरिश्चंद्रगडावरून. बुटांवर फुफाटा, सॅकच्या बाजूला दोरीने बांधलेला त्रिपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, आणि त्याच्या एका पायाचं रबरी बूच वाटेत कुठेतरी गळून पडलेलं. पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी त्याने कॅमेरा पुढे केला.

"मामा, लेन्स गेली बहुतेक. बघा ना जरा."

मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस. माझा त्रिपॉड गाडीच्या डिकीतून मांडवात आणि मांडवातून डिकीत एवढाच प्रवास करतो. त्यामुळे या प्रकरणात माझा पहिला सल्ला चुकला, ते पुढे येईलच. पण फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले तेव्हा लेन्स निर्दोष आहे एवढं मला लगेच कळलं.

त्याचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा, मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. बरोबर १६-५० मिमीची, कॅमेऱ्यासोबतच मिळणारी किट लेन्स आणि लांबचं जवळ आणणारा ७०-३०० चा झूम. गडावरच्या कोकणकड्यावर रात्री त्याने १६ वर आकाशगंगा टिपली होती, २० सेकंदांचं एक्स्पोजर देऊन, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवून. पहाटे झूम २०० वर नेऊन जीवधन-नाणेघाटाच्या बाजूच्या डोंगररांगा टिपल्या होत्या, १/१५ सेकंदाला. दोन्ही फोटो धूसर होते, पण दोघांची धूसरता एका जातीची नव्हती. सगळ्या निदानाची किल्ली तिथेच होती.

रात्रीच्या फोटोत प्रत्येक तारा म्हणजे शेपटी वळलेला स्वल्पविराम दिसत होता, आणि खाली कड्याची कडा दोनदा उमटली होती, एकमेकींपासून जरा सरकून. पृथ्वी फिरते म्हणून ताऱ्यांची रेघ उठते हे खरंच आहे. १६ मिमीला, त्याच्या सेन्सरवर, २० सेकंदांत तारा पाच-सहा पिक्सेल सरकतो. पण ती रेघ सरळ असते, शेजारचे सगळे तारे एकाच दिशेला पळतात आणि दगड जागचा हलत नाही. इथे दगडही हलला होता. म्हणजे एक्स्पोजर चालू असताना कॅमेरा एकदा झटक्याने फिरला आणि नव्या जागी तसाच थांबला.

पहाटेच्या फोटोत दुहेरी काहीच नव्हतं. रांगांच्या सगळ्या कडा उभ्या दिशेने फासल्यासारख्या मऊ. हे सरकणं नव्हे, ही थरथर.

"रात्री प्लेट फिरली, पहाटे पाय थरथरले," मी म्हणालो. "लेन्सला शिव्या देऊ नकोस." प्लेट म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसवायची, त्रिपॉडवर अडकणारी पट्टी.

त्रिपॉड टेबलावर उभा केला. ऑनलाइन चौदाशे रुपयांना घेतलेला अॅल्युमिनियमचा. खोक्यावर 'पाच किलो वजन पेलतो' असं छापलेलं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. वर पाच किलो तांदूळ ठेवला तर तो बहुधा पडणार नाही. पण तांदूळ हलला तरी तांदूळच राहतो, फोटोचं तसं नसतं. शिवाय वजन पेलण्याच्या या आकड्याला सगळ्या कंपन्यांनी पाळावं असं एकच मोजमाप नाही. जो तो आपापल्या पद्धतीने मोजतो आणि छापतो. गिऱ्हाईक मात्र तोच आकडा आधी वाचतं.

कॅमेऱ्याला घसरायला किती कमी जागा लागते याचा हिशेब मी त्याला बिलबुकाच्या पाठीमागे मांडून दाखवला. त्याच्या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २०० मिमी लेन्सला एक पिक्सेल म्हणजे शंभर मीटरवर दोन मिलिमीटर. कॅमेऱ्याचं पुढचं टोक मागच्या टोकापासून दहा सेंटिमीटरवर आहे असं धरलं, तर ते टोक फक्त दोन मायक्रॉन खाली झुकलं की फोटो एका पिक्सेलने सरकतो. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. हाच हिशेब १६ मिमीला केला तर पंचवीस मायक्रॉन झुकायला मुभा मिळते, म्हणजे बारापट. म्हणून रुंद लेन्सवाला तारे टिपताना बारीक थरथर पचवतो आणि लांब लेन्सवाला डोंगर टिपताना तिथेच मार खातो. रात्रीच्या फोटोचा घात थरथरीने केलाच नव्हता. वाऱ्याच्या झोताने अख्खा कॅमेरा स्क्रूवर फिरला होता.

आधी फुकटातले दोष

नवा त्रिपॉड घेण्याआधी जुन्याचे किती अपराध खरोखर जुन्याचे आहेत ते पाहायचं ठरवलं. विचारत गेलो तसं एकेक बाहेर आलं.

प्लेटचा स्क्रू त्याने नखाने आवळला होता. त्याला नाण्याची खाच असते, त्यात रुपया घालून आवळायचा असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. गळ्यातला पट्टा कॅमेऱ्याला तसाच लोंबत होता. कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, टोपी फेकली तर ती वर परत येते म्हणतात. अशा वाऱ्यात दोन बोटं रुंदीचा पट्टा म्हणजे कॅमेऱ्याला बांधलेलं शीडच. शटर बोटाने दाबलं होतं. थरथर आवरण्याची कॅमेऱ्यातली यंत्रणा चालूच होती. नव्या काही कॅमेऱ्यांना आपण त्रिपॉडवर आहोत हे आपसूक कळतं, पण लांब एक्स्पोजरला ती बंद ठेवणं बरं. हलत नसलेल्या कॅमेऱ्यात ती कधीकधी स्वतःच हालचाल शोधत बसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मधला दांडा पुरा वर काढलेला. "उभं राहून बघता यावं म्हणून," असं त्याचं उत्तर.

मधला दांडा वर काढला की तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा एका पायावर जातो. त्रिपॉडच्या डोक्यावर मोनोपॉड बसवल्यासारखं ते होतं. मांडवात माझीही पोरं हेच करतात आणि मी रोज ओरडतो.

गच्चीवर

सोमवारी त्याने घरून काम करायची सोय केली आणि संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. मे तोंडावर आलेला. या दिवसांत आमच्याकडे दुपारनंतर बरा वारा सुटतो, तो हवाच होता. शंभरेक मीटरवर एका बंगल्याची पाण्याची काळी टाकी आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात प्लंबरचा फोन नंबर. झूम २०० वर नेला, त्या नंबरातल्या आठाच्या आकड्यावर फोकस केला आणि स्क्रीनवर दहापट मोठं करून पाहिलं. मग त्रिपॉडच्या पायाला एक टिचकी. आठाचा आकडा नाचायला लागतो, आणि तो थांबेपर्यंत आपण तोंडाने मोजायचं. एवढीच परीक्षा. घरच्या घरी जमते, आणि दुकानात उभ्या उभ्याही करता येते. दुकानदार जरा विचित्र बघतो, बघू द्यावं.

तीन त्रिपॉड होते. भाच्याचा, माझा जुना तीन टप्प्यांचा २८ मिमी नळ्यांचा अॅल्युमिनियमचा, आणि शेजारच्या सरांचा. सर पक्ष्यांचे फोटो काढतात, त्यांच्याकडे प्रवासाला म्हणून घेतलेला कार्बन फायबरचा आहे, पाच टप्प्यांचा, वरची नळी २२ मिमी.

भाच्याच्या त्रिपॉडवर दांडा वर असताना सहापर्यंत मोजलं तरी आठ स्थिर होईना. दांडा खाली केला तर तीन-चार. पायांचा सगळ्यात खालचा, सगळ्यात बारीक टप्पा आत ढकलला तर दोन. म्हणजे दमडी खर्च न करता सहाचे दोन झाले. माझ्यावर 'एक' म्हणेपर्यंत आकडा थांबलेला. सरांचा कार्बनचा सगळे टप्पे उघडल्यावर तीन, आणि खालचा टप्पा आत घेतल्यावर दोनच्या आत.

सरांचा चेहरा जरा पडला, कारण त्यांचा त्रिपॉड भाच्याच्या दसपट किमतीचा. पण त्यात कार्बनचा दोष नाही. पाच टप्प्यांच्या नळ्या एकीत एक बसायच्या तर प्रत्येक टप्प्याला तीनेक मिलिमीटर कमी होत जातात. २२, १९, १६, १३ आणि शेवटी १०. जमिनीवर टेकणारा पाय करंगळीहून बारीक. तेवढ्याच जाडीच्या भिंतीची नळी व्यासाने दीडपट केली तर तिचा वाकायला होणारा विरोध तिपटीहून जास्त वाढतो, आणि लांबी वाढवली तर वाकणंही तसंच घनाच्या हिशेबाने वाढतं. लांब आणि बारीक हे दोन्ही एकत्र जिथे येतं, तो खालचा टप्पा. म्हणून दुकानात त्रिपॉड पाहताना वरची जाड नळी दाबून बघू नये. शेवटची नळी ओढून बाहेर काढावी आणि ती बघावी.

मग त्रिपॉडखालच्या हुकाला सॅक लटकवून पाहिली. हे सगळेच सांगतात. पण सॅक अधांतरी होती तेव्हा वाऱ्याने ती झोके घ्यायला लागली आणि आठाचा आकडा तिच्या तालावर डुलायला लागला. दोरी लांब करून सॅक अर्धी जमिनीला टेकवली तेव्हा कुठे तिचा उपयोग झाला.

माझा चुकीचा सल्ला

आकडे समोर होते, मी खूश होतो. "माझा घेऊन जा," म्हणालो. "दगडासारखा आहे."

भाच्याने तो उचलला. हेडसकट, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्या वरच्या भागासकट, अडीच किलो, मिटल्यावर लांबी पासष्ट सेंटिमीटर. त्याने काही न बोलता तो सॅकला बांधला, सॅक पाठीवर घेतली आणि गच्चीच्या जिन्याच्या दारातून आत शिरायला गेला. त्रिपॉडचं टोक चौकटीला अडकलं आणि तो मागे ओढला गेला.

"मामा, तोलारखिंडीच्या वरचा कातळ आठवतो का तुम्हाला?"

आठवतो. हरिश्चंद्रगड चढताना खिरेश्वरकडून या खिंडीत आलं की वर कातळाचा टप्पा लागतो, आधाराला रेलिंग आहे. तिथे डोक्याच्या वर आलेली कुठलीही वस्तू खडकाला घासते आणि माणसाला बाहेरच्या बाजूला ढकलते. पुढे करवंदीच्या जाळ्या आहेतच. त्यात एप्रिल-मेमध्ये वर पाण्याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून चार लिटर पाणी खालून न्यायचं. सॅक आधीच अकरा किलोची. अडीच किलोचा त्रिपॉड तिसऱ्या तासाला माणूस मित्राच्या गळ्यात घालतो आणि पुढच्या ट्रेकला घरीच ठेवतो. घरी ठेवलेल्या त्रिपॉडवर आठाचा आकडा कितीही लवकर थांबला तरी त्याचा उपयोग शून्य. माझी परीक्षा बरोबर होती, पण अर्धीच झाली होती.

तेव्हा आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. कॅमेऱ्याचं वजन किती, हा प्रश्न बाजूला. तुला कुठले तीन फोटो काढायचेत आणि तिथवर कसं पोचायचं? तो म्हणाला, कोकणकड्यावरची आकाशगंगा, पहाटेच्या रांगा आणि जूनमध्ये भंडारदऱ्याकडचे काजवे. देवळं-लेणी? नाही. तेही बरंच, कारण शिवनेरी काय किंवा लेण्याद्री काय, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागी त्रिपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते.

त्याच्या यादीत पहिल्या नंबरावर होतं, 'डोळ्याच्या उंचीला यावा'. तो १७३ सेंटिमीटर, डोळे १६१ वर. त्यातून हेडचे दहा आणि कॅमेऱ्याचे सात वजा केले तर दांडा न उचलता पायांची उंची १४४ हवी. इतका उंच, तरीही हलका आणि ताठ त्रिपॉड त्याच्या पंधरा हजारांच्या बजेटात बसत नव्हता. मी विचारलं, रात्री फोटो काढताना तू उभा असतोस का? नाही, बसलेला असतो, स्क्रीन वर वळवून. पहाटे? पहाटेही बसलेलाच, वाऱ्यामुळे. मग डोळ्याची उंची हवीय कोणाला? ती अट खोडली आणि बाकी सगळं एकदम आवाक्यात आलं. त्रिपॉड घेणाऱ्याला सगळ्यात आवडती असते ती हीच अट, आणि सगळ्यात महागही तीच पडते.

मात्र पायांची लांबी निराळ्या कारणासाठी लागणार होती. डोंगरात सपाट जागा मिळत नाही. वीस अंशांच्या उतारावर, पाय मीटरभर फाकलेले असताना, उताराकडचा पाय वरच्या दोघांपेक्षा तीसेक सेंटिमीटर लांब करावा लागतो. तेव्हा पाय १३५ पर्यंत जाणारे हवेत, पण वापरायचे कंबरेच्या उंचीला, बारीक टप्पा शक्यतो आत ठेवून.

शेवटी बिलबुकावर उरलं ते असं: हेडसकट १.८ किलोच्या आत, मिटून पन्नास सेंटिमीटरच्या आसपास म्हणजे सॅकच्या बाजूच्या कप्प्यात बसेल असा, वरची नळी २८ मिमी, चार टप्पे म्हणजे खालची नळी १९ च्या खाली जाणार नाही. पाय जवळपास आडवे पसरता आले पाहिजेत, वारा वाढला की खाली बसता यावं म्हणून.

एवढं लिहिल्यावर कार्बनचा प्रश्न आपोआप सुटला. अॅल्युमिनियमची घनता २.७, कार्बनच्या नळीची १.६ च्या आसपास. २८ मिमीच्या चार टप्प्यांच्या अॅल्युमिनियमला १.८ मध्ये बसवता येईना. मी धंद्यात पडलो तेव्हा ही चैन नव्हती. त्रिपॉड बनवणाऱ्या गिट्झो कंपनीने कार्बनचे पाय १९९४ साली आणले, आमच्या तालुक्यात ते दिसायला पुढे बरीच वर्षं गेली. आजही माझ्यासारख्या डिकीवाल्याला कार्बनची काही गरज नाही, हेही सांगून टाकतो. त्या पैशांत एक फ्लॅश येतो.

नव्याच्या किमती पाहिल्या. हवा तसा कार्बनचा, बऱ्या हेडसकट, वीस हजारांच्या पुढे. भाच्याने पुण्यात एक हौस फिटलेला माणूस शोधून काढला, जो आपल्या कार्बनच्या त्रिपॉडचे पाय विकत होता. हेड त्याने आधीच विकलेलं.

जुने पाय

जुने घेताना मी बरोबर गेलो. तिन्ही पाय पूर्ण उघडून वरून दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकला आणि थांबलो. झटक्यात नव्हे, हळूहळू घसरणारं लॉक असंच सापडतं. दोन पाय ठाम. तिसऱ्याचा खालचा टप्पा मात्र सायकलच्या पंक्चरसारखा सावकाश आत जात होता. मग प्रत्येक नळीवर नाणं वाजवत गेलो. कार्बनला आत तडा असेल तर त्या जागी आवाज बद्द येतो, मडकं पारखतात तसंच. आवाज खणखणीत होता. घसरत्या पायाचं बोट दाखवून हजार कमी मागितले, पाचशे कमी झाले. साडेनऊ हजारांत पाय घरी आले.

फिरकीचं लॉक घसरतं तेव्हा बहुतेक वेळा आत धूळ असते. कॉलर पूर्ण फिरवून सोडवली, खालची नळी ओढली, आणि तिच्याबरोबर प्लॅस्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या टेबलावर पडल्या. या पट्ट्यांना मागे एकेक बोंड असतं, ते नळीतल्या भोकात बसतं. त्यांच्या खाली एक चिरलेली रिंग. हीच रिंग कॉलर आवळल्यावर नळीला धरते. आत वाळू निघाली, चिमूटभर, खारट. त्रिपॉड समुद्रावर जाऊन आला होता आणि कोणी गोड्या पाण्याने धुतला नव्हता. पट्ट्या जुन्या टूथब्रशने घासल्या, वाळवल्या, आट्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. नळीला आणि रिंगला ग्रीस लावायचं नाही, नाहीतर पुन्हा घसरणार. बोंडं भोकात बसवताना एक पट्टी उलटी लागली ती पुन्हा काढली. पाय ठाम झाला.

हेड नवं घेतलं, बॉलहेड म्हणजे गोळ्यावर फिरणारं, चार हजारांच्या थोडं वर. पायांचा स्क्रू ३/८ इंचाचा असतो आणि कॅमेऱ्याचा १/४ इंचाचा, तेवढं जुळतंय ना पाहिलं. गोळा जितका मोठा तितकी पकड चांगली, म्हणून वजनाचे जे दोनशे ग्रॅम हातात होते ते तिथे खर्च केले. प्लेट आर्का-स्विस पद्धतीची, म्हणजे हेडवरच्या क्लॅम्पच्या चिमटीत बाजूंनी धरली जाणारी. ही पद्धत आता बहुतेकांनी उचललीय, पण प्लेटच्या रुंदीत कंपनीगणिक बारीक फरक असतो, म्हणून खटक्याच्या क्लॅम्पपेक्षा फिरकीच्या स्क्रूचा घेतला. फिरकी रुंद-अरुंद दोन्हीला धरते. सगळं मिळून १.७८ किलो. भाच्याने किचनच्या काट्यावर तीनदा ठेवून पाहिलं.

त्याच संध्याकाळी आठाचा आकडा: दीडच्या आत.

मे, कोकणकडा

मेच्या अमावस्येला तो पुन्हा गेला. या दिवसांत आकाशगंगेचा मधला भाग रात्री दोनच्या सुमारास दक्षिणेला सगळ्यात वर असतो आणि नंतर कड्याच्या बाजूला कलतो. त्याने कडेपासून मागे, कंबरेएवढ्या खडकाच्या आडोशाला जागा धरली. खालचा टप्पा आत, पाय फाकलेले, पट्टा काढून खिशात, दोन सेकंदांचा टायमर. टोकदार खिळ्यांऐवजी रबरी बुचं, कारण कातळावर खिळा निसटतो, रबर धरतं. चाळीसेक फोटो काढले. चार वाया गेले, ते दुसऱ्या मंडळींचे हेडलॅम्प मध्ये आल्यामुळे. कड्याची कडा एकदाच उमटली.

पहाटेचं मात्र शंभर टक्के जमलं नाही. १/१५ ला, २०० वर, जोराचा झोत आला की रांगा पुन्हा मऊ. मग त्याने आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ४०० करून १/६० वर आणलं, प्रत्येक चौकटीचे पाच-पाच काढले आणि वाऱ्याच्या दोन झोतांमधली उसंत धरली. पाचांत एक-दोन कडक निघाले. उभ्या चौकटीत आणखी एक उणीव उघडी पडली. बॉलहेड कुशीला खाचेत पाडलं की कॅमेऱ्याचं वजन मध्यावरून बाजूला जातं, आणि लांब लेन्स असली की हेड हळूच खाली बसतं. त्यावर इलाज एल आकाराची प्लेट, तिने कॅमेरा उभा धरला तरी मध्यावरच राहतो. ती पंधरा हजारांच्या हिशेबात आम्ही धरलीच नव्हती. ती चूक दोघांची.

जून, काजवे

काजव्यांना मी बरोबर गेलो. पावसाच्या दोन सरी होऊन गेलेल्या, हवेत दमट वास, आणि हिरड्या-बेहड्याच्या झाडांवर अख्खी फांदी एका लयीत पेटतेय आणि विझतेय. टॉर्चला लाल कागद लावलेला, तोही जमिनीकडे धरून. फ्लॅश तर नाहीच. अभयारण्याचा भाग आहे, शिवाय काजव्यांचं ते लुकलुकणं म्हणजे जोडीदार शोधण्याचा उद्योग, त्यात आपण उजेड पाडू नये.

इथे वारा नव्हता, थरथरीचा प्रश्न नव्हता. पण काजव्यांचा तो दाट फोटो एकाच एक्स्पोजरचा नसतो. तीस-तीस सेकंदांचे कितीतरी फोटो पाठोपाठ काढून ते एकावर एक चढवतात. तासभर कॅमेरा जागचा हलता कामा नये. भाच्याने सगळं नीट लावलं, स्क्रू रुपयाने आवळला, हेड आवळून हाताने दाबून पाहिलं. मी मान डोलावली. आम्ही दोघं मागे गोणपाटावर बसलो, डास मारत. तासाभरात शंभरेक फोटो झाले.

घरी येऊन एकावर एक ठेवले तर पहिले साठ तंतोतंत. पुढचे चाळीस किंचित डावीकडे झुकलेले, प्रत्येक फोटो आधीच्याहून थोडा जास्त. झाडाचं खोड खालून रुंद आणि वर पसरट दिसत होतं.

भाचा हेडकडे संशयाने बघत होता. मी त्रिपॉडचे पाय बघितले. दोन पायांची बुचं कोरडी होती. तिसऱ्याला बोटभर उंचीपर्यंत ओला चिखल वाळून बसला होता. वर १.७८ किलो कार्बन आणि त्यावर कॅमेरा, खाली भिजलेली माती, आणि तो पाय शेवटी शेवटी सावकाश खाली जात राहिला होता. त्याच्या लॉकसारखाच.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा निघाला तेव्हा सॅकच्या तळाशी काहीतरी खडखडत होतं. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, विचारलं काय आहे. तीन चपट्या फरश्या. स्टुडिओचं बाथरूम केलं तेव्हा उरलेल्या, पायांखाली घालायला.

"वजन किती रे त्यांचं?" मी विचारलं.

"मामा, ते नका विचारू," तो म्हणाला, आणि सॅक पाठीवर घेतली.